नावडतीचं मीठ अळणी : वादातले कलाकार, कॉमिक्स प्रकाशक आणि आपली कपाटं

रविवारी माळा आवरताना मार्व्हल कंपनीच्या ‘एक्स-मेन गोल्ड’ या कॉमिक्सचा पहिला अंक सापडला. एप्रिल २०१७, पहिली छपाई. घेतला तेव्हा दोनदा वाचला होता, पण बातमी माहीत नसती तर त्यात मला काहीही खटकलं नसतं. खटकणार कसं? चित्रकार अर्डियन स्याफ इंडोनेशियाचा. त्याने कोलोसस या पात्राच्या टीशर्टवर ‘क्यूएस ५:५१’ लिहिलं आणि दुसरीकडे २१२ हा आकडा घुसवला. इंडोनेशियातल्या वाचकांनी ते लगेच पकडलं. कुराणातली ती आयत तिथे जकार्ताचे ख्रिश्चन गव्हर्नर ‘अहोक’ यांच्याविरुद्ध वापरली जात होती आणि २१२ म्हणजे २ डिसेंबर २०१६चा त्यांच्याविरुद्धचा मोर्चा. वर ज्वेलरीच्या पाटीसमोर किटी प्राइड या नायिकेचं डोकं अशा जागी, की पाटीवर ‘ज्यू’ एवढंच ठळक वाचता यावं. किटी स्वतः ज्यू आहे. मार्व्हलने काही दिवसांत करार संपवला आणि पुढच्या छपाईतून ते सगळं पुसलं.

त्याला काढलं हे चूक, असं मी म्हणत नाही. पण चार वर्षांनी त्याच कंपनीच्या ‘इममॉर्टल हल्क’च्या ४३व्या अंकात चित्रकार जो बेनेटने दागिन्यांच्या दुकानाच्या काचेवर डेव्हिडचा तारा (ज्यूंचं चिन्ह) आणि शेजारी ‘ज्वेलरी’चं असं काही स्पेलिंग काढलं की वाचणाऱ्याने कपाळाला हात लावावा. तिथे मात्र माफी चालली. चित्र दुरुस्त झालं आणि चित्रकार जागेवर राहिला. मालिका धो धो चालत होती, हे सांगायला नकोच. त्याचं पुढचं काम काढून घेतलं ते सप्टेंबर २०२१ मध्ये. त्याच्या एका जुन्या राजकीय व्यंगचित्राबद्दल मालिकेचा लेखक अल युइंग स्वतःच जाहीर बोलला, त्यानंतर.

तर असं काही तुमच्या कपाटाला, खिशाला, कामाला कधी शिवलंय का? मतं कमी, अनुभव जास्त लिहा. (मतं येणारच, माहीत आहे.)

निशिकासाईकर

मी २०१८ पासून तोक्योत. जपानी सुधारावं म्हणून दर सोमवारी स्टेशनजवळच्या दुकानातून ‘शोनेन जंप’ घ्यायचो. मुलांचं कॉमिक्स साप्ताहिक असल्याने कांजीशेजारी (चिनी वळणाच्या चित्रलिपीशेजारी) बारीक अक्षरांत उच्चार छापलेला असतो, त्यामुळे माझ्यासारख्या ढ विद्यार्थ्याचं भागतं. त्यात ‘अ‍ॅक्ट-एज’ मला फार आवडायची. अभिनय शिकणाऱ्या एका मुलीची गोष्ट. संवाद साधे, म्हणून मोठ्याने वाचून सराव करायचो.

ऑगस्ट २०२० मध्ये लेखक मात्सुकी तात्सुयाला अटक झाली. शाळकरी मुलीशी रस्त्यात असभ्य वर्तन. दोन-तीन दिवसांत मालिका बंद. १२ भाग निघाले होते, त्यांचं वितरण थांबलं, ई-बुकं विक्रीतून गेली, १३वा भाग आलाच नाही. मला वाटलं, वा, कडक लोक आहेत.

मग ऑफिसातल्या एका वयस्क सहकाऱ्याने हसत विचारलं, ‘केन्शिन’ वाचतोस का? ‘रुरोनी केन्शिन’वाला वात्सुकी नोबुहिरो. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफिती बाळगल्याबद्दल २०१७च्या नोव्हेंबरात गुन्हा, मग २ लाख येन दंड, आणि २०१८च्या जूनमध्ये मालिका पुन्हा सुरू. प्रकाशक दोन्हीकडे शुएइशाच. २ लाख येन म्हणजे माझ्या तेव्हाच्या महिन्याच्या पगाराहून कमी. फरक एवढाच की ‘केन्शिन’ दोन दशकांहून जास्त काळ पैसे कमावून देत होता आणि ‘अ‍ॅक्ट-एज’ला जेमतेम अडीच वर्षं झाली होती. याच सहकाऱ्याने शिमाबुकुरो या चित्रकाराचंही सांगितलं. २००२ मध्ये अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात अटक, चालू मालिका गुंडाळली, आणि २००८ मध्ये त्याच ‘जंप’मध्ये ‘तोरिको’ घेऊन हजर!

मला सर्वांत लागलं ते उसाझाकी शिरोचं. ‘अ‍ॅक्ट-एज’ची चित्रं तिची. गुन्हा लेखकाचा, पण दुकानातून तिचंही नाव गेलं. माझ्याकडे सात भाग आहेत. जुन्या पुस्तकांच्या दुकानात आठवा दिसला होता, हातात धरून बराच वेळ उभा राहिलो आणि परत ठेवला. का ठेवला, अजून नीट सांगता येत नाही.

शाईचे डाग

वरच्या प्रतिसादातला शेवटचा परिच्छेद वाचून लिहायला बसले.

मी ठाण्यात घरून रंग भरते. परदेशी अंकांची पानं काळ्या रेघांत येतात, आधी फ्लॅट्स (सपाट रंग), मग छाया-उजेड. पानामागे पैसे. काही वर्षांपूर्वी बाहेरच्या एका छोट्या प्रकाशकाचं २२ पानांचं काम मिळालं. १४ पानं पाठवून झाली होती. एका सकाळी तीन ओळींची मेल: लेखकावर आरोप झालेत, ‘आमच्या मूल्यांशी’ ते जुळत नाही, पुस्तक थांबवत आहोत. आरोप काय ते मला इंटरनेटवरून कळलं, आणि खरे असतील तर थांबवलं ते बरंच केलं.

पण माझे १४ पानांचे पैसे? तर म्हणे करारात ‘पानं स्वीकारल्यावर’ असं आहे, आणि स्वीकारली कुठे? मी चार मेल केल्या. पाचवी नवऱ्याने लिहिली, जरा वकिली भाषेत. उत्तर नाही. मूल्यं महाग पडतात म्हणतात ना, ती माझ्या खिशातून गेली.

वर्षभराने त्याच प्रकाशकाने त्याच लेखकाचं नवं पुस्तक जाहीर केलं. त्यात रंगाला माणूस दुसराच.

हिंजवडीची

माझं किरकोळ आहे. क्युबिकलच्या पार्टिशनला ‘डिल्बर्ट’ या ऑफिसवरच्या चित्रपट्टीची कात्रणं होती, त्यात आयआयटीवाला इंटर्न असोक आमच्या टीमचा कुलदेव. २०२३च्या फेब्रुवारीत तिचे चित्रकार स्कॉट अ‍ॅडम्स कृष्णवर्णीयांबद्दल यूट्यूबवर जे बोलले, त्यानंतर अमेरिकेतल्या शेकडो वर्तमानपत्रांनी पट्टी बंद केली आणि पट्टी वितरित करणाऱ्या अँड्र्यूज मॅकमीलने संबंध तोडले. मी कात्रणं काढली, असोकचं ठेवलं. त्याने काय केलंय?

खडूस_वाचक

धागाकर्ते, तुम्ही याला दुटप्पीपणा म्हणता, मी धंदा म्हणतो. मोठ्या कंपन्यांत पात्र कंपनीचं असतं आणि चित्रकार अंकापुरता कंत्राटी. त्याला काढायला एक मेल पुरते. संपादक पगारी, त्याचे वर मित्र असतात. डीसी या दुसऱ्या मोठ्या कंपनीतला संपादक एडी बर्गान्झा बघा. त्याच्याविरुद्ध स्त्री सहकाऱ्यांच्या तक्रारी एचआरकडे २०१० मध्येच गेल्या होत्या. तरी बढती. २०१२ मध्ये आणखी एक प्रकार, तेव्हा एक पायरी खाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये बझफीड या वेबसाइटने सगळं छापलं, आणि सात वर्षांत जे झालं नव्हतं ते तीन दिवसांत झालं: त्याला काढलं. त्याच डीसीने सप्टेंबर २०२५ मध्ये ‘रेड हूड’ पहिल्या अंकानंतर रद्द केलं, कारण लेखिकेने चार्ली कर्क या अमेरिकी उजव्या कार्यकर्त्याच्या हत्येवर केलेल्या पोस्ट. किती वेळ लागला? एक दिवस.

आणि तुमच्या स्याफचंच वर्ष घ्या. एप्रिल २०१७ मध्ये तो घरी. नोव्हेंबरमध्ये सी. बी. सेबुल्स्की मार्व्हलचा मुख्य संपादक झाला आणि त्याच महिन्यात त्याने कबूल केलं की पूर्वी तिथेच नोकरीत असताना तो ‘अकिरा योशिदा’ या जपानी नावाने स्वतःच लेखन करत होता. काही मुलाखतीही त्याने योशिदा म्हणून दिल्या होत्या! खुर्ची शाबूत. मी त्या ‘योशिदा’चे दोन अंक अस्सल जपानी दृष्टी म्हणून मित्रांना वाचायला दिले होते. हा माझा अनुभव. मित्र अजून चिडवतात.

एडिसनची आई

मुलगा १६चा. लेखक नील गेमनवरचे लैंगिक अत्याचाराचे आरोप वाचून त्याने स्वतःच पुस्तकं खोक्यात भरली. जानेवारी २०२५ मध्ये डार्क हॉर्स या प्रकाशकाने गेमनचं काम छापणं थांबवल्याचं त्यानेच मला सांगितलं. मग आम्ही कॉमिक्सच्या दुकानात गेलो, तिथे गेमनचं ‘सँडमन’ नेहमीच्या जागी. तो म्हणाला, “आई, म्हणजे मी एकट्यानेच खोकं भरलं का?” मला उत्तर सुचलं नाही. खोकं गराजमध्ये आहे, दान करायचं की रद्दीत हे अजून ठरत नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. एक कबुली राहिली होती. मूळ, न पुसलेल्या छपाईचा हा अंक मी बातमी फुटल्यावर चढ्या भावाने घेतला होता. खडूस_वाचक, धंद्यात मीही आहे. शाईचे डाग, त्या १४ पानांचं पुढे काय झालं? कुणी छापली का?

शाईचे डाग

छापली असतील तर माझ्या पाहण्यात नाहीत. फाइल्स माझ्या हार्डडिस्कवर आहेत, जवळपास ९ जीबी. नवऱ्याला लग्नाचे फोटो ठेवायला जागा हवी आहे, तो विचारत असतो.