उत्पत्ती १५ मधील चिरलेली जनावरे: प्राचीन रूढींमुळे वचनाचा अर्थ कितपत उलगडतो?

प्रश्न (वाचनव्रती):
बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकाचा १५ वा अध्याय वाचताना मी दर वेळी एकाच ठिकाणी अडखळतो. हा देश आपल्याला वतन मिळेल हे कशावरून समजावे, असे अब्राम (पुढचा अब्राहाम) विचारतो आणि परमेश्वर त्याला तीन वर्षांची कालवड, शेळी व मेंढा, शिवाय एक होला आणि पारव्याचे पिल्लू आणायला सांगतो. अब्राम जनावरे मधोमध चिरून त्यांचे भाग समोरासमोर मांडतो. सूर्य मावळल्यावर धुमसती भट्टी आणि जळती मशाल त्या भागांमधून जाते. येथे वेदी नाही, होमाचा उल्लेख नाही, म्हणून हा यज्ञबली वाटत नाही. मग अब्रामाच्या प्रश्नाचे हे उत्तर कसे ठरते? यामागे त्या काळातील एखादी रूढी असल्यास जाणकारांनी कृपया सांगावी. अर्थ लावताना अशा रूढींवर किती विसंबावे, हेही मला जाणून घ्यायचे आहे.

उत्तर (शिलालेख):
आपली शंका रास्त आहे, कारण हा करारविधी आहे. हिब्रू भाषेत करार करण्यासाठी "कापणे" हेच क्रियापद वापरतात. भाषांतरात ते लोपते, याची मला नेहमी हळहळ वाटते. विधीचा अर्थ यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ३४ व्या अध्यायात उघड होतो. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेवर चढाई केली त्या काळात सिद्कीया राजा व प्रजेने आपल्या इब्री दासांना मुक्त करण्याचा करार केला, वासरू कापून प्रमुख लोक त्याच्या दोन भागांमधून चालत गेले आणि नंतर त्याच दासांना त्यांनी पुन्हा दास्यात ओढले. त्यावर परमेश्वर सांगतो की यांची प्रेते पक्ष्यांचे व श्वापदांचे भक्ष्य होतील. म्हणजेच त्या भागांमधून चालणारा, करार मोडल्यास आपलीही हीच गत होवो, असा शाप स्वतःवर घेत असे. सीरियात आलेप्पोजवळच्या सेफिरे येथील, इ. स. पू. ८ व्या शतकातील अरामी करारलेखातही, हे वासरू कापले जाते तसा अर्पादचा राजा मतीएल कापला जावो, अशी शापवाणी कोरलेली आहे.

हे ध्यानात घेऊन आपला अध्याय पुन्हा वाचावा. अब्राम गाढ झोपेत आहे आणि त्याला त्या भागांमधून चालायला कोणी सांगतच नाही. भट्टी व मशाल ही देवाच्या सान्निध्याची चिन्हे मानली, तर शपथेचा सारा भार देवाने एकट्याने उचलला, आणि "कशावरून समजावे" या प्रश्नाला याहून मोठे उत्तर मला तरी सुचत नाही.

उत्तर (पायवाट):
आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. शिष्याने गुरूची सर्व सेवा करावी, पण वहाणेचा बंद सोडू नये, कारण ते दासाचे काम आहे, असे तालमुदात, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या चर्चांच्या संग्रहात, रब्बी (धर्मगुरू) यहोशवा बेन लेवी यांच्या नावे आले आहे. बाप्तिस्मा करणारा योहान नेमक्या त्याच कामालाही आपण पात्र नाही असे म्हणतो, तेव्हा त्याची नम्रता किती खोल आहे ते कळते. मात्र हे रब्बी ३ ऱ्या शतकातले आहेत. त्यामुळे हा संकेत योहानाच्या काळीही होता, असे मी संभाव्य मानतो, सिद्ध मानत नाही.

याउलट, श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे, हे येशूचे वचन घ्या. त्यातील "सुईचे नाक" हे यरुशलेमेचे एक बुटके दार होते आणि ओझे उतरवून उंट त्यातून गुडघ्यांवर जात असे, हे स्पष्टीकरण प्रवचनांतून वारंवार ऐकू येते. पण येशूच्या काळी अशा नावाचे दार असल्याचा पुरावाच नाही. शिवाय हे दार मान्य केले की अशक्य गोष्ट केवळ अवघड ठरते, आणि मग "मनुष्यांना हे अशक्य आहे" या पुढच्याच वाक्याला अर्थ उरत नाही. जी रूढी वचनाची धार बोथट करते, तिचा पुरावा मी दुप्पट काळजीने तपासतो.

प्रश्नकर्ता (वाचनव्रती):
दोघांचाही मनःपूर्वक आभारी आहे. आता बायबलमधील रूथच्या पुस्तकाच्या ४ थ्या अध्यायातील वहाण काढून देण्याचा प्रसंग वेगळ्या दृष्टीने वाचला. व्यवहार पक्का करण्याची ही इस्राएलातील पूर्वीची रीत होती, असे तेथे लेखक स्वतःच थांबून सांगतो. म्हणजे त्याच्या पहिल्या वाचकांनाही जुनी रूढी समजावून सांगावी लागत होती.