मदत हवी आहे : गणवेशाच्या ऑर्डरमध्ये शिलाई मजुरीची अट कशी लिहायची?

मी सोलापुरातल्या एका शाळेच्या पालक-शिक्षक संघात आहे. जूनसाठी 640 गणवेशांची ऑर्डर द्यायचीय. शिवणाऱ्या बायका पूर्व भागातल्याच, बऱ्याचशा आधी विड्या वळायच्या. काम घरी, पीसवर. शर्टामागे 16 रुपये. दोरा, सुया, लाईट बिल त्यांच्याच अंगावर. एकीची वही बघितली. काजाची ओळ वाकडी म्हणून 9 शर्ट परत आले, तिने उसवून पुन्हा शिवले. त्यापुढे मजुरीच्या रकान्यात नुसती रेघ.

कारखानदाराशी बोलून झालं. तो म्हणतो दर ठेकेदार ठरवतो, ठेकेदार म्हणतो शेठ वाढवून देत नाहीत. बारा जणी युनियन करायला तयार आहेत, पण एकीच्याही हातात हजेरी कार्ड किंवा पगारपावती नाही. नाव पुढे आलं की माल बंद, ही भीती खोटी नाही. 1948 च्या किमान वेतन कायद्याने घरी माल नेऊन काम करणाऱ्यांनाही कामगार धरलं होतं, एवढं त्यांना सांगितलंय.

ऑर्डर दुसरीकडे न्या, हा सल्ला कृपया नको; मार त्यांनाच बसेल. शाळा गणवेशामागे 20 रुपये जास्त द्यायला तयार आहे (मोठ्या मुश्किलीने), पण ते मधेच मुरायला नकोत.

तर पीसचा दर किमान वेतनाशी ताडताना आठ तासांत किती शर्ट धरायचे? आणि वाढीव पैसे शिवणारीच्या हातात पडले, हे कुणाचं नाव उघडं न करता तपासता येईल अशी अट कुणी ऑर्डरमध्ये घातली आहे का? कोणत्या शब्दांत?