'ऱ्हाऊ दे, कामले येई' ही काटकसर नव्हे

भुसावळची लेक: 'आईवडील काही फेकत नाहीत, त्या काटकसरीची किंमत आजच्या पोरांना नाही' ही कालची पोस्ट वाचून रात्री झोप लागली नाही. आमच्या दोन खोल्यांत दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर, पलंगाखाली तेलाचे रिकामे डबे, मोरीत जायचं तर अंग चोरून. दहावीचा अभ्यास जिन्यात केला. एकही मैत्रीण कधी घरी आणली नाही. डबा टाकला तर अण्णा उकिरड्यावरून परत आणायचे. काटकसरीचा माणूस वस्तू वापरतो! जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, असं साठवत राहणं हा स्वतंत्र आजार आहे.

शिरपूरकर: बापाला आजारी ठरवलंत, झालं? १९७२ च्या दुष्काळात माझी आई सुकडीवर जगली. ती डबा कसा टाकेल?

भुसावळची लेक: काकांनीही तोच दुष्काळ त्याच घरात काढला. त्यांचं घर मोकळं आहे.

चोपड्याचा शेतकरी: भरलेल्या घराला नावं ठेवणं सोपं आहे. २०२२ चा कापूस आम्ही घरात ठेवला, कारण आदल्या हंगामात क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. तो भाव परत आलाच नाही. पोरं उन्हाळाभर अंग खाजवत होती. हाही आजार का?

भुसावळची लेक: कापूस विकायला असतो, दादा. मी डब्यांचं बोलतेय.

शिरपूरकर: दादांचं बरोबर आहे. भाव पाडणाऱ्यांना कोणी आजारी म्हणत नाही.

पाचोऱ्याची सून: भावाचं बोलता, पण त्या ढिगाशेजारी चूल कोण पेटवतं? एक ठिणगी पडली तर? सासूबाई रात्री दोनदा उठून राख चाचपायच्या.

चोपड्याचा शेतकरी: मग शेतात ठेवू, चोरांसाठी? सोसायटीचं कर्ज तुम्ही फेडा!

पाचोऱ्याची सून: ओरडू नका. तुमच्या घरातल्या बाईला विचारा.

चोपड्याचा शेतकरी: विचारलं. ती म्हणते तुमचंच खरं. भावाचा मुद्दा मी सोडणार नाही.

शिरपूरकर: आई गेल्यावर माळ्यावरून सतरा गोण्या निघाल्या. उंदरांनी कुरतडलेल्या चिंध्या, एका गोणीत माझी पहिलीची पाटी, फुटलेली. तिला डॉक्टरांकडे न्यावं हे तेव्हा सुचलंच नाही. एवढं मान्य. दुष्काळाचं मात्र मी मागे घेत नाही.

भुसावळची लेक: नका घेऊ. माझ्या भावाने दिवाळीत ट्रॉली लावून घर रिकामं केलं, अण्णांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. होळीपर्यंत पलंगाखाली पुन्हा डबे. आता दर रविवारी त्यांच्याजवळ बसते, काय टाकायचं ते तेच निवडतात. मागच्या रविवारी एक झाकण दिलं. आज काहीच नाही.