गच्चीवरची भाजी सोसायटीत विकायला कुठलं अ‍ॅप बरं पडेल?

गच्ची_कोथरूड:
नमस्कार मंडळी, बिल्डिंगच्या गच्चीवर माझे चाळीसेक क्रेट आहेत, पालक मेथी चुका अंबाडी लावते, घरात खाऊन उरतं म्हणून दिवाळीपासून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विकायला लागले. पण ऑर्डरींचा नुसता गोंधळ होतोय. शनिवारी पालकाच्या 9 जुड्या निघाल्या आणि "मला एक", "मला पण", "दोन ठेवा" करत मागणी आली 16 ची, मधेच गुड मॉर्निंगचे फोटो, कुणी आधी सांगितलं तेच सापडेना. वरच्या मजल्यावरच्या काकू पिशवी घेऊन आल्या आणि रिकाम्या हाताने परत गेल्या, फार वाईट वाटलं. यासाठी कुणी अ‍ॅप वापरतं का? आणि पालकाच्या पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा आल्यात, त्या कशाच्या?

परसबाग_ठाणे:
ताई, भाजीसाठी वेगळं अ‍ॅप कुणी डाउनलोड करत नाही, आम्ही करून बघितलंय. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये कॅटलॉग करता येतो, फोटो आणि भाव छान दिसतात, पण जुड्या संपल्या की आपल्याला हाताने लपवावं लागतं आणि नेमकं तेव्हाच आपले हात मातीत असतात. त्यापेक्षा गुगल फॉर्म ठेवा, नाव, फ्लॅट नंबर, किती जुड्या, बास. शीटमध्ये वेळेसकट ओळीने नोंद होते, 9 भरल्या की फॉर्म बंद करायचा. पैसे यूपीआयने.

हिरवी_पानं:
रेघा म्हणजे नागअळी. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधे असते म्हणून कडुनिंबाचं तेल वरून मारून फारसं काही होत नाही, तेवढी पानं खुडा आणि पिशवीत घट्ट बांधून फेका, कंपोस्टमध्ये अजिबात नको. प्लँटिक्स नावाच्या रोग ओळखायच्या अ‍ॅपवर फोटो टाकून पण कळतं, पान सावलीत धरून जवळून काढा. फक्त अ‍ॅपने रासायनिक औषध सुचवलं तर पालकावर मारू नका हो, आठवड्यात तीच भाजी शेजारच्या लहान मुलांच्या ताटात जाणार आहे.

सासवडकर:
ताई मी शेतकरी आहे, पुण्यात तीन सोसायट्यांना भाजी देतो. 2016 ला फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला तेव्हापासून आम्हाला बाजार समितीच्या बाहेर थेट विकता येतं. मी आधी काढणी करायचो आणि मग गिऱ्हाईक शोधायचो, उरलेली कोथिंबीर डोळ्यांदेखत पिवळी पडायची. आता आदल्या रात्री ऑर्डर बंद, पहाटे तेवढीच काढणी, ओल्या गोणपाटात गुंडाळायची. तुम्ही पण क्रेट एकदम पेरू नका, पालकाला महिना लागतो, दर शनिवारी थोडे थोडे पेरा म्हणजे दर शनिवारी जुड्या निघतील.

गच्ची_कोथरूड:
दादा, हेच चुकत होतं, मी सगळा पालक एकाच दिवशी पेरला होता! फॉर्म केलाय. काकूंना फॉर्म भरता येत नाही, त्यांनी फोन केला की मीच त्यांच्या नावाने भरणार, या शनिवारी पहिली जुडी त्यांचीच. खराब पानं खुडली, आठ क्रेट आज पेरले.