अनुभव धागा : इंजिन थकलं, बांधायचं की दुसरं टाकायचं?

धरमपेठ_पाना
काल नागपुरात गिरीपेठेत आरटीओजवळ एक जुनी मारुती ८०० उभी होती. स्टार्ट केली की निळा धूर. बाजूला दोघांचा वाद चाललेला, एक म्हणे बोअर करा (सिलिंडर आतून कापून मोठा करून नवे पिस्टन), दुसरा म्हणे जुन्या बाजारातून इंजिन आणून टाका. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती बनतो, ते मात्र कोणीच मोजलं नव्हतं. वाद जुनाच आहे, म्हणून धागा काढतो. ज्यांचे हात तेलात असतात त्यांनी लिहा.

सुरुवात करतो. इंजिन गरम पाहिजे, बॅटरी भरलेली पाहिजे. सगळे प्लग काढा, कॉइलचा कनेक्टर आणि पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, प्लगच्या भोकात दाबाचं गेज लावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर ५-६ फेरे फिरवा. पेट्रोलला साधारण १५० ते २०० पीएसआय (दाबाचं एकक) येतं. नुसत्या आकड्यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमधला फरक पाहा. १०-१५ टक्क्यांच्या वर गेला की कुठेतरी हवा निसटते. मग कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग (पिस्टनभोवतीच्या कड्या) किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत). जागचा हलला नाही तर व्हॉल्व. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले आणि तेलाने फरक नाही, तर त्या दोघांमधला हेड गॅस्केट (सिलिंडरवरच्या झाकणाखालची, म्हणजे हेडखालची पट्टी). एवढं करायला तासभर लागतो. त्याआधी कोणालाही इंजिन खोलू देऊ नका.

वाडी_नाका
बरोबर हो. पण धुराची वेळ पण पाहा ना भाऊ. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा भपका आला अन् मग साफ झाला, तर व्हॉल्वचे ऑइल सील. चढावर, जोर लावल्यावर निळा येऊन राहिला तर रिंग. गिअरमध्ये उतारावर सोडून पुन्हा रेस दिली अन् तेव्हा आला तर पुन्हा सील नाहीतर गाइड (व्हॉल्व ज्यात सरकते ती नळी). सीलसाठी पुष्कळ गाड्यांत हेड पण उतरवावं लागत नाही, प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन व्हॉल्व वर धरतात अन् स्प्रिंग काढतात. एवढ्यासाठी अख्खं इंजिन बदलायला सांगतात लोकांना, जीव जळते.

अन् डिझेलवाल्यांनी आधी टर्बो पाहावा. इंटरकूलरचा पाइप काढून बोट फिरवा. आत तेलाचा हलका हात लागतो तो चालतो, पण तेल साचलं असेल अन् टर्बोची शाफ्ट हातानं वर-खाली हलत असेल तर तुमची रिंग ठीक असू शकते. दोन्हीचा धूर सारखाच निळा असते.

मानेवाडा_७७
आमची ऑइल खाते पण धूर नाही. काय असेल?

धरमपेठ_पाना
@मानेवाडा_७७ किती खाते? १,००० किमीला १ लिटरच्या आसपास असेल तर काळजीचं. आधी खाली पुठ्ठा टाकून रात्रभर उभी ठेवा, क्रँकचा मागचा सील गळत असेल तर क्लच हाउसिंगखाली डाग दिसेल. मग पीसीव्ही व्हॉल्व (इंजिनच्या पोटातली वाफ इनटेकमध्ये परत सोडणारा). तो अडकला की तेल सरळ इनटेकमध्ये ओढलं जातं. सगळ्यात स्वस्त पार्ट तोच आहे आणि शेवटी पाहिला जातो.

बोअर_होन
लेथच्या बाजूने लिहितो. हेड निघालं की बोअर तीन उंचीवर आणि दोन दिशांनी मोजायचा, वर, मध्ये, खाली. झीज सगळ्यात जास्त वर असते, वरची रिंग जिथे थांबते तिथे. तिथे नखाला कंगोरा लागला तर नुसत्या नवीन रिंगा टाकू नका. नवीन रिंग त्या कंगोऱ्यावर आपटते, तुटते, आणि मग बोअरवर उभी रेघ ओढते.

बोअर करायचा ठरलं तर आधी पिस्टन हातात घ्या, मग ब्लॉक लेथवर. आमच्याकडे दहाचा, वीसचा म्हणतात, म्हणजे ०.२५ आणि ०.५० मिमी ओव्हरसाइज. प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्याच्या त्याच्या सिलिंडरला बसवायचा, नंबर टाकून. जो लेथवाला पिस्टन न मागता "ठेवून जा, संध्याकाळी ने" म्हणतो, त्याच्याकडून ब्लॉक उचलून आणा. शेवटी होनिंगच्या (दगडाने बारीक घासण्याच्या) रेघा एकमेकींना तिरप्या छेदलेल्या दिसल्या पाहिजेत. आरशासारखा गुळगुळीत बोअर तेल धरत नाही, रिंग बसतच नाही.

रिंग एकटीच सिलिंडरमध्ये घालून, उलट्या पिस्टनने सरळ ढकलून, तोंडातलं अंतर फिलर गेजने (मोजलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्या) बघा. बोअरच्या दर १०० मिमीला ०.३ मिमी धरा, म्हणजे ७० च्या बोअरला ०.२ च्या आसपास. अंतर कमी राहिलं तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि इंजिन जाम. तिन्ही रिंगांची तोंडं एका रेषेत ठेवू नका.

क्रँक वेगळा मुद्दा. जर्नलवर (बेअरिंग बसतं तो गोल भाग) नख अडकतं, क्रँक आधीच वीसला (०.५० मिमी) घासलेला, आणि पुढच्या साइझचं बेअरिंग मिळत नाही, तर बांधण्यात अर्थ नाही. इथे मी सरळ दुसरं इंजिन सांगतो.

रेशीमबाग_ताई
खूप छान माहिती. बाबांच्या गाडीला मे महिन्यात मेकॅनिकने थर्मोस्टॅटच काढून टाकला, म्हणाला नागपूरच्या उन्हात गरज नाही. चालतं का?

वाडी_नाका
नाही ताई, परत बसवून घ्या. इंजिन गरम होईपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट तो बंद ठेवते. थर्मोस्टॅट नसला की हिवाळ्यात इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जाते अन् न जळलेलं पेट्रोल बोअरवरचं तेल धुऊन टाकते. गाडी तापते तर कारण वेगळं असते. पंखा उशिरा लागते, रेडिएटर चोंदलेलं असते, नाहीतर रेडिएटरच्या झाकणाचं रबर गेलेलं. अन् जमिनीतल्या बोअरिंगचं (बोअरवेलचं) पाणी टाकू नका, खार धरते. कूलंट अन् डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं.

रेशीमबाग_ताई
धन्यवाद दादा, उद्याच सांगते त्यांना. बोअरिंगचंच टाकतात ते.

बोअर_होन
@रेशीमबाग_ताई एकदा तापून बंद पडलेली असेल तर हेड तपासा. पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवून ०.०५ मिमीचा फिलर खालून गेला तर फेसिंग (मशीनवर हेड सपाट करणं) लागेल. फेसिंगच्या आधी प्रेशर टेस्ट, कारण चीर गेलेल्या हेडवर फेसिंगचे पैसे वाया जातात. आणि ज्या हेडबोल्टला टॉर्कनंतर अंश देऊन ताणायचं असतं ते नवीनच घ्या, जुने लांबलेले असतात.

एमएच४९_पूर्व
जुनं इंजिन घेणाऱ्यांसाठी. ऑइलचं झाकण उघडून आत काळा चिखल आहे का पाहा. डिपस्टिकवर दुधी फेस असेल तर हात लावू नका. पुलीच्या बोल्टला पाना लावून पूर्ण दोन फेरे फिरवा, कुठे अडता कामा नये. शक्य असेल तर स्टार्टर अन् बॅटरी लावून तिथेच कॉम्प्रेशन घ्या, विकणारा नाही म्हणत असेल तर का म्हणून राहिला ते समजून घ्या. इंजिन नंबरावर घासल्याच्या खुणा नकोत, बिल पाहिजे. बीएस-३ चं इंजिन बीएस-४ च्या (प्रदूषण नियमांचे टप्पे) गाडीत बसलं तरी सेन्सर, वायरिंग अन् ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जुळत नाहीत, चेक लाइट जात नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी अन् आरसीवर नवा नंबर, दोन्ही लागतात. विमा कंपनीलाही कळवा. कागदावर एक नंबर अन् गाडीत दुसरा असला की क्लेम अडते.

गाडी १४ वर्षांची असेल तर हा पण हिशोब धरा. १५ ला नोंदणीचं नूतनीकरण, फी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये, वर पर्यावरण कर. पत्रा खालून सडलेला असेल तर इंजिन कितीही चांगलं बांधा, गाडी फिटनेसला अडकते.

मानेवाडा_७७
पुठ्ठा टाकला होता रात्री. क्लचखाली रुपयाएवढा डाग आहे 🙏

धरमपेठ_पाना
@मानेवाडा_७७ वास घ्या. गिअर ऑइलचा वास उग्र, गंधकासारखा असतो. तसा नसेल तर क्रँकचा मागचा सील. गिअरबॉक्स उतरणारच आहे, तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग त्याच वेळी पाहून घ्या. मजुरी एकदाच लागते.

नरेंद्रनगर_१२
बांधलेलं इंजिन समृद्धीवर नेलं तर चालेल का? शिर्डीला जायचं होतं.

बोअर_होन
@नरेंद्रनगर_१२ पहिले १,००० किमी नको. एकाच वेगात तासन्‌तास चालवलं तर रिंग बसत नाही. रामटेकपर्यंत जा-ये करा, वेग वर-खाली होऊ द्या, मध्यम रेस द्या, मग पाय सोडून इंजिनवरच गाडी मंद होऊ द्या. पहिल्यांदा स्टार्ट करण्याआधी कॉइल काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारायचा, थांबत थांबत. सुरुवातीला साधं मिनरल ऑइल टाका आणि ५०० किमीला फिल्टरसकट बदला. जुना फिल्टर कापून कागद उन्हात उलगडून पाहा. बारीक करडी भुकटी चालते. चकचकीत तुकडे दिसले तर गाडी तिथेच थांबवा आणि चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) उतरवा.