मदत हवी आहे : पायथन लायब्ररीला विंडोजवर वापरकर्त्याचे होम फोल्डर सापडत नाही

अर्धविराम
नमस्कार. जुन्या फाँटमधील मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारी एक छोटी पायथन लायब्ररी मी लिहिली आहे. वापरकर्त्याने केलेल्या दुरुस्त्यांचा तक्ता त्याच्या होम फोल्डरमधील (म्हणजे त्या वापरकर्त्याच्या स्वतःच्या मुख्य फोल्डरमधील) एका फाइलीत साठवला जातो आणि पुढच्या वेळी तेथूनच वाचला जातो. माझ्याकडे हे दोन वर्षे बिनतक्रार चालले आहे. परवापासून मात्र एका छापखान्यातील तक्ता नाहीसा झाला असून लायब्ररी दर वेळी कोरा तक्ता उघडते. जवळपास ६०० दुरुस्त्या होत्या. कोडमध्ये मी काहीही बदललेले नाही. सर्व प्रणालींवर होम फोल्डर शोधण्याची खात्रीची पद्धत कोणती, एवढेच कृपया सांगावे. उद्या अंक छपाईला जायचा आहे.

तळटीप
आपला संगणक कोणत्या प्रणालीचा, छापखान्यातील कोणत्या, तेथे पायथनची आवृत्ती कोणती आणि होम फोल्डर शोधण्यासाठी आपण कोणते फंक्शन वापरता, यांपैकी काहीच प्रश्नात आलेले नाही.

जुना_खलाशी
एवढ्या चौकशीची गरज नाही. ‘होम’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रणालीने प्रोग्रॅमसाठी नाव देऊन ठेवलेले मूल्य, थेट वाचावे. लिनक्स आणि मॅक या दोन्हींवर मी वर्षानुवर्षे हेच करत आलो आहे आणि कधीही अडलेले नाही.

तळटीप
खलाशीबुवा, शीर्षकात विंडोज आहे. तेथे ‘होम’ आपोआप ठरवलेले नसते. तेथील रूढ व्हेरिएबल ‘युजरप्रोफाइल’ हे आहे. लिनक्सवरही ‘होम’ असेलच असे नाही, कारण सिस्टमडीने (लिनक्सवर पार्श्वभूमीतील सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने) मूळ प्रशासक खात्यावर सुरू केलेल्या सेवेला ते अनेकदा मिळतच नाही. होम फोल्डरचा मार्ग काढून देणारे पायथनचे ‘एक्सपँडयूजर’ हे फंक्शन अशा वेळी प्रणालीच्या खातेवहीतून वापरकर्त्याचे फोल्डर शोधते, तर थेट व्हेरिएबल वाचणारा कोड तेथेच कोसळतो.

अर्धविराम
क्षमस्व. मी उबुंटूवर लिहितो, छापखान्यात विंडोज १० आहे आणि मी ‘एक्सपँडयूजर’च वापरतो. तेथील संगणक सांभाळणाऱ्यांनी गेल्या आठवड्यात पायथन ३.७ काढून ३.१२ बसवले, पण त्याचा येथे संबंध नसावा असे वाटल्यामुळे ते लिहिले नव्हते.

तळटीप
संबंध आहे, आणि बहुधा सगळा तोच आहे. पायथन ३.७ पर्यंत हे फंक्शन विंडोजवरही आधी ‘होम’ पाहत असे आणि ते नसेल तरच ‘युजरप्रोफाइल’कडे वळत असे. ३.८ पासून विंडोजवर ‘होम’ पाहणे बंद झाले. गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) आपल्या सेटिंगसाठी ‘होम’ पाहते, म्हणून पुष्कळ जण ते हाताने दुसऱ्या ड्राइव्हवर ठरवून ठेवतात. छापखान्यात तसे काही आहे का, ते पाहावे. असल्यास जुना तक्ता तेथेच सुखरूप असेल.

बोरकूट
या निमित्ताने सुचवतो की संपूर्ण युजर्स फोल्डरच डी ड्राइव्हवर हलवावे. मी तसे केले आहे आणि विंडोज पुन्हा बसवताना त्याचा फार उपयोग होतो. कृती हवी असल्यास सविस्तर लिहीन.

तळटीप
अंक छपाईला जाण्याच्या आदल्या दिवशी हे कोणीही करू नये.

अर्धविराम
तक्ता सापडला! ‘होम’ खरोखरच डी ड्राइव्हवर ठरवलेले होते. फाइल नव्या जागी आणून ठेवली आणि दिवसाचे काम सुरळीत सुरू झाले. मात्र रात्री आपोआप होणाऱ्या रूपांतरात अजूनही कोराच तक्ता येतो. ते टास्क शेड्यूलरमधून (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीतून) चालते, हे सांगायचे राहिले.

पिंपळपान
कोणत्या खात्यावर? ‘सिस्टीम’ या विंडोजच्या स्वतःच्या अंतर्गत खात्यावर असेल, तर त्या खात्याचे होम सी ड्राइव्हवरील विंडोजच्या सिस्टीम३२ फोल्डरमध्ये, कॉन्फिगखालील ‘सिस्टीमप्रोफाइल’ येथे असते. म्हणजे लायब्ररीला होम बरोबर सापडते आहे, फक्त ते तक्ता बनवणाऱ्या माणसाचे नाही. जावामध्ये मी याहून विचित्र प्रकार पाहिला आहे: कंटेनरमधील (प्रोग्रॅम चालवण्याच्या वेगळ्या, बंदिस्त वातावरणातील) वापरकर्त्याची नोंद खातेवहीत नसल्यामुळे होमच्या जागी नुसते प्रश्नचिन्ह मिळाले आणि त्याच नावाचे फोल्डर तयार झाले. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की लायब्ररीने होम शोधूच नये. फाइलीचा मार्ग बोलावणाऱ्या प्रोग्रॅमने द्यावा.

जुना_खलाशी
हे पुस्तकी झाले. छापखान्यातील अक्षरजुळणी करणाऱ्या माणसाला दर वेळी मार्ग विचारणार का? ‘प्लॅटफॉर्मडर्स’ ही लायब्ररी वापरावी. ती लिनक्सवर होमखालील ‘लोकल’, ‘शेअर’ हा ठरलेला मार्ग, मॅकवर ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’ आणि विंडोजवर ‘ॲपडेटा’ अशी त्या त्या प्रणालीच्या रिवाजाची जागा देते.

पिंपळपान
मघाशी आपणच ‘होम’ थेट वाचायला सांगत होता. ‘प्लॅटफॉर्मडर्स’ चांगलीच आहे, पण सिस्टीम खात्याला ती सिस्टीम खात्याचीच जागा देणार, त्यामुळे धागाकर्त्यांची रात्रीची अडचण तशीच राहील. निदान जागा न मिळाल्याची तक्रार तरी व्हावी. गो भाषेत १.१२ आवृत्तीत या कामासाठी आलेले फंक्शन व्हेरिएबल रिकामे असल्यास अंदाज न बांधता त्रुटी परत करते.

तळटीप
दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. मार्ग दिला असेल तर तोच वापरावा, नसेल तर ‘प्लॅटफॉर्मडर्स’ सांगेल ती जागा घ्यावी. माझा खरा आक्षेप फाइल न सापडल्यास गुपचूप कोरा तक्ता बनवण्याला आहे, कारण त्यामुळेच आठवडाभर कोणाच्या लक्षात काही आले नाही.

अर्धविराम
पटले. रात्रीच्या कामाला आता तक्त्याचा मार्ग थेट देत आहे, आणि फाइल नसेल तर लायब्ररी कोणत्या जागी शोधले ते सांगून थांबेल. शेवटची शंका. ‘एक्सपँडयूजर’ माहीत नसताना मी तरंगचिन्हाने (~, म्हणजे होम फोल्डरच्या संक्षिप्त खुणेने) सुरू होणारा मार्ग तसाच फोल्डर बनवणाऱ्या फंक्शनला दिला होता. त्यामुळे उबुंटूवर प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये केवळ तरंगचिन्ह हेच नाव असलेले एक फोल्डर पडून आहे. ते टर्मिनलमधून उडवून टाकू ना?

तळटीप
कृपया थांबा. तरंगचिन्हाचा अर्थ पायथन लावत नाही, पण टर्मिनलमधील शेल (आपण लिहिलेल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम) लावते, त्यामुळे पुसण्याच्या आज्ञेपुढे नुसते ते चिन्ह लिहिल्यास आपले खरे होम फोल्डरच पुसले जाईल. फाइल मॅनेजर उघडून माउसनेच काढावे, किंवा चिन्हाच्या आधी टिंब आणि तिरकी रेघ द्यावी.

अर्धविराम
माउसने काढले.