शिडाच्या बोटीचं 12 व्होल्टचं वायरिंग: घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी चालेल का?

पॅनलवाला_अंबड

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत कंट्रोल पॅनल जोडायचं माझं छोटं वर्कशॉप आहे. थ्री फेज, कॉन्टॅक्टर, रिले यातच आयुष्य गेलं. पाण्याशी संबंध गंगापूर धरणाच्या बोट क्लबपुरता. आता मुंबईच्या मेहुण्याने तेहतीस फुटी जुनी शिडाची बोट घेतलीय आणि "दाजी, तुम्ही इलेक्ट्रिकवाले, तुम्हीच बघा" म्हणून ती माझ्या गळ्यात घातलीय.

बोट गेटवेजवळ मुरिंगवर (पाण्यातच बोयाला बांधलेली) असते, त्यामुळे किनाऱ्यावरची वीज नाही. 100 अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या कायमच्या समांतर जोडलेल्या. स्टार्टर, दिवे, फ्रीज, ऑटोपायलट (आपोआप सुकाणू धरणारं यंत्र) सगळं त्यांच्यावरच. डिझेल इंजिनला 55 अँपिअरचा अल्टरनेटर. पावसाळ्यानंतर साहेबांना गोव्याला जायचंय.

तक्रारी अशा: बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा) मरगळल्यासारखा चालतो, डोलकाठीवरचा दिवा रात्री पिवळा पडतो, सकाळी इंजिन उचलत नाही. मी म्हणतो घरी इन्व्हर्टरला असते तशी 150 अँपिअर-अवरची ट्युब्युलर (पाणी भरायची शिशाची बॅटरी) टाकू. तो म्हणतो लिथियम. वायरिंग जुनंच ठेवून एमसीबी तेवढ्या नव्या बसवल्या तर भागेल ना?

द्वारका_ऑटोइलेक्ट्रिक

भाऊ, 12 व्होल्ट म्हणजे आमचं रोजचं काम. निगेटिव्ह इंजिनाच्या बॉडीला मारा, पॉझिटिव्हची एकेक वायर न्या, अर्धी तांब्याची वायर वाचेल.

जुना_जहाजी

द्वारकावाले भाऊ, ट्रकला ठीक, बोटीला अजिबात नको. एक तर फायबरच्या सांगाड्यातून करंट परत येणार कसा? आणि इंजिन, शाफ्ट, पंखा असल्या पाण्याला लागलेल्या धातूंतून परतीचा करंट वाहू लागला, तर खारं पाणी त्यांना खाऊन टाकतं. झिंकचा अ‍ॅनोड (स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारा तुकडा) त्या करंटपुढे फार दिवस पुरत नाही. बोटीत प्रत्येक लोडला दोन वायरी, निगेटिव्ह बसबारपर्यंत (सगळ्या निगेटिव्ह जिथे एकत्र येतात ती पट्टी) परत. इंजिनाला निगेटिव्ह एकाच जागी जोडायची.

आता पॅनलवाले साहेब. मी नौदलात इलेक्ट्रिकलला होतो, आता देवळाली कॅम्पात असतो. बॅटरीची खरेदी सध्या थांबवा. पंप आणि दिवा ही दोन दुखणी मला वायरची वाटतात. तुम्हाला 230 ची सवय आहे, तिथे 60 वॅटला पाव अँपिअर लागतो. इथे तोच लोड 5 अँपिअर. बॅटरीपासून 10 मीटरवर पंप असेल तर जाऊन-येऊन 20 मीटर वायर. अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरला तेवढ्या लांबीत 0.14 ओहम, म्हणजे 0.7 व्होल्ट वाटेतच गेले. घरात 0.7 व्होल्टला कोण विचारतं? इथे ते जवळपास 6 टक्के झाले. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात बिल्ज पंप आणि नेव्हिगेशनचे दिवे यांना 3 टक्क्यांची मर्यादा आहे. 6 एमएम टाकलीत तर अडीच टक्क्यांच्या आत बसाल.

हा हिशोब नव्या वायरचा. जुन्या बोटीत लगजवळचं (वायरच्या टोकाला दाबलेला धातूचा तुकडा) इन्सुलेशन दोन इंच सोलून बघा. तांबं काळं पडलेलं असेल तर ती वायर काढूनच टाका, कारण खारी ओल तारांमधल्या बारीक फटींतून आत चढत जाते. म्हणून समुद्रावर कथिल चढवलेली, बारीक तारांची वायर वापरतात, लग नीट क्रिंप करून (दाबून बसवून) वर गोंदवाली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). नुसत्या सोल्डरवर भरवसा नको. जिथे सोल्डर संपतो तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्याने तुटते. डोलकाठीच्या पायथ्याचा कनेक्टर पहिला उघडा. पिवळा दिवा बहुधा तिथे सापडेल.

एमसीबी घेताना डीसीची घ्या. स्विच उघडताना उडणारा एसीचा आर्क करंट शून्यावर आला की विझतो, डीसीत शून्य येतच नाही. शिवाय बॅटरीच्या पॉझिटिव्हला सात इंचांच्या आत मुख्य फ्यूज हवा, हे त्याच मानकात आहे. शॉर्ट झाला तर बॅटरी हजारो अँपिअर ओतते. बिल्ज पंप मात्र मुख्य स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजवरून थेट घ्या, म्हणजे सगळं बंद करून घरी गेलात तरी तो जागा राहील.

ट्युब्युलर वाईट नाही, पण ती उभी आणि पाण्याची. वाऱ्यावर बोट 25 अंश कलली की अ‍ॅसिड बाहेर. बॅटरीत समुद्राचं पाणी शिरून क्लोरीन सुटतो, हे पाणबुडीवाल्यांना शिकवलेलंच असतं. शिसंच घ्यायचं तर एजीएम (न सांडणारी, बंद शिशाची बॅटरी) घ्या. आणि स्टार्टरची बॅटरी वेगळी काढा. त्याशिवाय सकाळचा प्रश्न सुटणार नाही.

सिन्नर_सोलर

काकांनी वायर सांगितली, मी पोटाचं बोलतो. चोवीस तास चालत राहिलात तर आपल्या उकाड्यात फ्रीज 60 अँपिअर-अवर खाईल. ऑटोपायलट सरासरी अडीच अँपिअर धरला तर आणखी 60. प्लॉटर (नकाशाचा पडदा) आणि व्हीएचएफ रेडिओचे 30, एलईडी दिव्यांचे 5. झाले 155. तुमच्या दोन्ही बॅटऱ्या मिळून 200, शिशाच्या बॅटरीतून निम्मे काढायचे, म्हणजे 100. गोव्याला किमान दोन रात्री लागतील, पहिल्या पहाटेच अंधार.

100 वॅटची दोन सोलर पॅनल टाकलीत तर चांगल्या उन्हात 50 च्या आसपास मिळतील. डोलकाठीची बोटभर सावलीसुद्धा पॅनलची वीज पाडते, तेव्हा दोन्हींना वेगवेगळा एमपीपीटी (सोलरचा चार्ज कंट्रोलर) द्या.

इंजिन तासभर चालवून बॅटरी भरेल असं मेहुण्याला वाटत असेल तर ते नाही. शिशाची बॅटरी शेवटचे 20 टक्के तासन्‌तास रडतखडत घेते. लिथियमचं उलटं, मिळेल तेवढं ओढते. त्यामुळे तो 55 चा अल्टरनेटर पूर्ण दमाने चालून तापतो आणि जळतो. लिथियम घ्या, पण अल्टरनेटर स्टार्टरच्या शिशाच्या बॅटरीला जोडा आणि तिच्या आणि लिथियमच्या मधे 30 अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर (एका बॅटरीवरून दुसरी मोजून भरणारा). मला विचाराल तर फ्रीजऐवजी बर्फाची पेटी न्यावी.

पॅनलवाला_अंबड

फ्रीजचं मी सांगितलं तर बहिणीचा नवरा म्हणून उरलेला मान जाईल, तुम्हीच सांगा. शनिवारी मुंबईला चाललोय. सोबत फक्त मल्टिमीटर आहे, त्यावर काय काय बघू?

जुना_जहाजी

आधी रात्रभर सगळं बंद ठेवून बॅटरीचा व्होल्टेज बघा, प्रत्येकीची केबल सोडून. 12.7 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. मग पंप चालू करा आणि चालू असतानाच त्याच्या टर्मिनलवर मोजा, बंद पंपावर व्होल्टेज नेहमी बरोबरच दिसतो. नंतर पंप चालूच ठेवून एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरा पंपाच्या निगेटिव्हवर. पाव व्होल्टाच्या वर आकडा आला तर परतीच्या बाजूला व्होल्ट जातायत, एक तर वायर बारीक नाहीतर जोड खराब, बसबारचे नट उघडा. लांब वायरचा एक तुकडा सोबत न्या, मीटरच्या वायरी पुरणार नाहीत.